तीर्थाबरोबर घेतलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची डबी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच मोडीत काढायला निघू नका. माझं झाकण अजून घट्ट बसतं, अंगावर एकही पोचा नाही आणि चिंच लावून घासलं, की मी अशी लखलखते, की शेजारच्या समईनं तोंड फिरवावं. झाकणावर कमळ कोरलेलं आहे. कोरताना कारागिराचा हात एका पाकळीवर जरा घसरला होता, पण ती बाजू कायम भिंतीकडे असते. त्यामुळे आल्यागेल्याला मी निर्दोष वाटते.

माझा जन्म हातोडीखाली झाला. तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. आपण कुणाचं काय वाकडं केलं म्हणून हा मार, असं वाटून मला फार राग यायचा. पुढं सोनारीच्या काळभैरवाच्या यात्रेत एका भांडीवाल्यानं मला सतरंजीवर मांडलं. नुकतंच लग्न झालेली इरम्मा सासूच्या मागे मागे चालत आली, माझ्यापाशी थबकली आणि काही केल्या पुढं जाईना. शेवटी सासूनं मला उचललं, झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, टिचकी मारली आणि म्हणाली, "घे. देवाच्या खडीसाखरंला बरी हाय." तेव्हापासून मी तिच्या सासरची, माकणी गावची झाले.

आमचं घर लिंगायताचं. घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं. सकाळी आंघोळ झाली, की कपाळाला भस्म लावायचं, ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. पूजा होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. दिवसात घशाखाली पहिलं उतरायचं ते लिंगावरून ओतलेलं तीर्थ, आणि त्याच्यामागून माझ्यातला खडीसाखरेचा खडा. म्हणजे या घराची रोजची पहिली चव माझी होती. याचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही. इरम्माचा मुलगा शंभुलिंग लहानपणी पूजा अर्धी झाली न झाली तोच माझ्याकडे हात लांबवायचा आणि आईचा धपाटा खायचा. घरातल्या सगळ्यांची बोटं माझ्या ओळखीची झाली होती.

इरम्माचे यजमान शरणबसप्पा. गाव त्यांना अप्पा म्हणतं. त्यांचं बी-बियाणाचं आणि किराणाचं दुकान होतं. दुकान उघडायची घाई असायची, म्हणून त्यांची पूजा आटोपशीर असे. मग शंभुलिंगनं दुकान सांभाळायला घेतलं आणि अप्पा मोकळे झाले. आता ते पूजेला निवांत बसू लागले. तीर्थ घेऊन झाल्यावरही लिंग तळहातावर धरून त्याच्याकडे एकटक बघत बसत. मला ते फार आवडायचं. घरात गडबड चालू असायची, आणि देवघरात आम्ही दोघं गप्प.

मग एका उन्हाळ्यात अप्पांना सारखी तहान लागू लागली. पायाला बाभळीचा काटा लागला होता, ती जखम भरेना. शंभुलिंग त्यांना लोहाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर चैतालीताईंनी रक्त तपासलं आणि मधुमेह असल्याचं सांगितलं.

घरी आल्यावर शंभुलिंगनं फर्मान काढलं, "आजपासून या घरात साखरेचा एक दाणा दिसता कामा न्हाय." त्याची बायको महेश्वरी हुशार आणि झटपट कामाची. तिनं साखरेचा मोठा डबा शेजारी सारजाबाईंना देऊन टाकला, गुळाची ढेप गड्याला दिली आणि शेवटी देवघरात येऊन मला उचललं. आतली खडीसाखर मुंग्यांना टाकली. मला धुतलं, उन्हात वाळवलं. मी उघडी पडले होते आणि आत नुसतं ऊन होतं. मित्रांनो, इतकं रिकामं मला कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी अप्पांनीच तोडगा काढला. "ही डबी कशाला अडगळीत टाकता? माझ्या गोळ्या ठिवा हिच्यात. देवापाशी असल्या म्हंजे इसरायचं न्हाय." मग इरम्मानं पाकिटं कात्रीनं कापून माझ्यात ठेवली. ती चंदेरी पाकिटं हलवलं की कुरकुरत आणि त्यांच्या कडा मला बोचत. एक गोळी मोठी पांढरी होती, दुसरी बारकी. खडीसाखरेच्या जागी ही पाहुणे मंडळी! मी मनातल्या मनात खूप आदळआपट केली, पण डबीला पाय नसतात, जाणार कुठं?

दोन्ही गोळ्यांचं काम वेगळं होतं. डॉक्टरांनी बजावलेलं इरम्मा घरात पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायची, म्हणून मलाही पाठ झालं होतं. मोठी गोळी पोटभर जेवण झाल्यावर. बारकी गोळी रक्तातली साखर खाली आणते, म्हणून ती न्याहारीचं ताट समोर आलं की घ्यायची. आणि कधी अंगाला घाम फुटला, हात थरथरले, काही सुधरेनासं झालं, तर ताबडतोब साखर खायची.

हे शेवटचं ऐकून अप्पा मोठ्यानं हसले होते. "साखरेच्या रोगाला साखर? ह्या डॉक्टरीणबाई लई गमतीच्या हायत."

आणि मग त्यांनी आपल्या श्रद्धेनं एक चूक केली. पोटात पहिलं तीर्थच जायला हवं, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. त्यांच्या मनानं घेतलं, की औषधही तीर्थाबरोबरच गेलं तर त्याला गुण जास्त येईल. "तीर्थासंगं गेलेलं औषध वाया जात न्हाय," असं ते इरम्माला म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी ते लिंगाला पाणी घालत, माझं झाकण उघडत, दोन्ही गोळ्या एकदम तळहातावर घेत आणि तीर्थाच्या घोटाबरोबर गिळून टाकत. मग डोळे लिंगावर लावून ध्यानाला बसत. न्याहारी राहायची चुलीपाशी झाकून.

पहिल्यांदा पोटानं तक्रार केली. ध्यानात बसलेल्या अप्पांच्या पोटात गुडगुड सुरू व्हायची. तोंडाला पाणी सुटायचं, मळमळायचं. थोड्या वेळानं चेहरा कसनुसा व्हायचा आणि ते लिंग घाईनं गळ्यात घालून परसाकडे धाव घ्यायचे. आमच्याकडे नियम असा, की परसाकडे जाऊन आलं तर पुन्हा आंघोळ, पुन्हा भस्म, पुन्हा सुरुवातीपासून पूजा. कधीकधी बिचाऱ्यांची पूजा दुपारपर्यंत चालायची. शिस्तीचा माणूस तो. आपलंच पोट आपलं ऐकत नाही, याचा त्यांना फार कमीपणा वाटू लागला.

इरम्माच्या हे लक्षात आलं होतं. एकदा ती देवघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, "अवो, पोटाचं डॉक्टरला सांगा की. गोळीनं हुत आसंल."

"त्या बाईमाणसाला हे सांगू? पोरीच्या वयाची हाय ती."

"मग शंभूला सांगते म्या."

"खबरदार! घरात चर्चा नगं. म्या करतो माझं माझं."

आणि त्यांनी रात्रीचं जेवणच बंद केलं. रात्री पोटात काही गेलं नाही तर सकाळी पोट बोलेलच कशाला, असा त्यांचा हिशेब. विचारलं की म्हणत, "श्रावण हाय. हलकं बरं वाटतं." इरम्माला कोड्यात पाडून ते कपभर ताक पिऊन झोपायचे. सकाळी पोट खरंच गप्प राहू लागलं. अप्पा खूश झाले. मी मात्र रोज सकाळी त्यांची बोटं माझ्या झाकणावर आली, की हादरायचे. ती बोटं दिवसेंदिवस गार लागत होती.

श्रावणाच्या सुरुवातीच्या दिवसांत एका सकाळी सारजाबाई फुलं द्यायला आल्या. सारजाबाई म्हणजे शेजारच्या, मनानं मोकळ्या आणि तोंडानं त्याहून मोकळ्या. त्यांना एखादी गोष्ट कळली, की गावच्या धरणापलीकडच्या वस्तीलाही ती दुपारपर्यंत कळते. त्यांनी देवघरात पाहिलं. अप्पा लिंगाकडे टक लावून बसले होते. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. तळहातावरचं लिंग थरथरत होतं. सारजाबाईंनी हाक मारली, अप्पांनी ओ दिली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. बऱ्याच वेळानं ते भानावर आले, महेश्वरीनं दिलेलं केळं प्रसाद म्हणून खाल्लं आणि हळूहळू नेहमीसारखे झाले.

सारजाबाई उंबऱ्यावरच डोकं टेकून म्हणाल्या, "अगं बया! अप्पांची समाधी लागली!"

मित्रांनो, डबीला तोंड असतं, पण बोलता येत नाही. त्या दिवशी मी झाकण वाजवून ओरडले असते. ही समाधी नाही हो, माझ्यातली बारकी गोळी रिकाम्या पोटी एकटीच काम करते आहे, असं मला सांगायचं होतं. पण मी तशीच बसून राहिले.

अप्पांना विचारलं तेव्हा तेही गोंधळले होते. "सगळं लांब गेल्यावानी झालं," ते इरम्माला म्हणाले. "आवाज लांबून यायले. लिंगाभवती उजेड दिसला." सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यभर पूजा करूनही असं कधी काही झालं नव्हतं. आता उतारवयात देवानं आपल्याकडे पाहिलं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्या वेळचा त्यांचा चेहरा आठवला, की अजून मला वाईट वाटतं.

पुढच्या सोमवारी गल्लीतल्या बायका आल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी दुकानातली गिऱ्हाइकंही येऊन अंगणात बसली. लोक नारळ आणत, बेलाची पानं आणत, पूजा उरकली की अप्पांच्या पाया पडत. आधी अप्पा पाय मागे घेत होते. मग घेईनासे झाले. शंभुलिंगलाही बापाचा अभिमान वाटू लागला. तो येईल त्याला बसायला सतरंजी देत होता. एकटी इरम्मा घुम्यासारखी कोपऱ्यात उभी असायची. लोकांचं लक्ष अप्पांच्या कपाळावरच्या भस्माकडे असायचं आणि तिचं त्यांच्या ओल्या सदऱ्याकडे.

तो सोमवार मी विसरणार नाही. अंगण भरलं होतं. गावातला गुंडाप्पा भजनाला टाळ घेऊन आला होता. अप्पांनी गोळ्या घेतल्या, तीर्थ घेतलं आणि ते ध्यानाला बसले. आदल्या रात्री त्यांनी ताकसुद्धा घेतलं नव्हतं. थोड्याच वेळात घामाच्या धारा लागल्या. ओठ काहीतरी पुटपुटत होते, पण शब्द एकमेकांत अडकत होते. मान एका बाजूला कलू लागली. बाहेर लोकांनी "हर हर महादेव"चा गजर केला.

आणि अप्पांचा तळहात वाकडा झाला. लिंग घसरलं. आमच्यात गळ्यातलं लिंग म्हणजे जीव की प्राण. ते भुईवर पडणं ही कल्पनाही कुणाला सोसत नाही. इरम्मानं झेप घेऊन आपली ओंजळ खाली धरली आणि लिंग तिच्या हातात आलं. ते घेताना तिचा हात अप्पांच्या मनगटाला लागला.

"अवो," ती म्हणाली. "अवो, इकडं बगा. अंग बर्फावानी गार पडलंय ह्यांचं."

"हात लावू नका, वहिनी!" गुंडाप्पा दारातून ओरडला. "समाधी भंगंल. पाप लागंल."

शंभुलिंगही घुटमळला. "अव्वा, जरा थांब. मागच्या टायमाला आपसूक उठले हुते."

इरम्मा उभ्या जन्मात चार लोकांत मोठ्यानं बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. "पाप लागलं तर मला लागंल. म्या बायको हाय ह्यांची. डॉक्टरनं काय सांगितलं हुतं? घाम आला, हात कापले, तर साखर! ही समाधी न्हाय. साखर आणा!"

घाबरल्यावर तिला माहेरची कानडी आठवते. तिचं माहेर सीमेपलीकडचं. "सक्करे तगोंबा!" ती ओरडली, साखर घेऊन या, आणि तिनं स्वतःच हात लांबवून मला उचललं. इतक्या वर्षांची सवय होती तिच्या हाताला. झाकण उघडून तिनं मला तळहातावर उपडं केलं, आणि बाहेर काय पडलं? गोळ्यांची पाकिटं. इरम्मा त्यांच्याकडे बघत राहिली. मी साखरेची डबी होते आणि नेमक्या त्या क्षणाला माझ्या पोटात साखर नव्हती.

महेश्वरी स्वयंपाकघरात धावली. डबे उघडल्याचे, आपटल्याचे आवाज आले. घरात साखर नव्हती, गूळ नव्हता, केळीही संपली होती, आणि दुकानातून आणण्याइतका वेळ नव्हता. तेवढ्यात सारजाबाईंनी पदराआडचं ताट पुढं केलं. त्या अप्पांच्या पायावर घालायला खडीसाखर घेऊन आल्या होत्या. "हे चालंल का गं?" त्या रडवेल्या होऊन विचारत होत्या.

शंभुलिंगनं एव्हाना डॉक्टरांना फोन लावला होता. डॉक्टर चैतालीताईंचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "शुद्धीवर आहेत का? हाक मारल्यावर बघतात का? गिळता येतंय का? येत असेल तरच साखर पाण्यात विरघळवून थोडी थोडी पाजा. बेशुद्ध झाले तर तोंडात काही घालू नका. आणि लगेच गाडीत घालून इकडे आणा."

इरम्मानं अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं. महेश्वरीनं खडीसाखर खलबत्त्यात कुटून पाण्यात विरघळवली आणि अप्पांना घोट घोट पाजली. पहिला घोट ओठांवरून ओघळला. दुसरा गिळला गेला. गुंडाप्पाच्या हातातले टाळ तसेच राहिले होते. बऱ्याच घोटांनंतर अप्पांनी डोळे हलवले आणि म्हणाले, "इरम्मा, एवढे लोक कशाला जमलेत?" तेव्हा ती हमसून हमसून रडली.

गाडीतून जाताना तिनं गोळ्या पुन्हा माझ्यात भरल्या आणि मला पदरात बांधून घेतलं. म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं. डॉक्टरांनी अप्पांना दिवसभर दवाखान्यात ठेवून घेतलं, कारण त्या गोळीचा जोर ओसरायला वेळ लागतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. मग खुर्ची ओढून त्या खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "काका, गोळी कशी घेता ते मला दाखवा."

अप्पांनी मला हातात घेतलं आणि सगळं दाखवलं. तीर्थ, दोन्ही गोळ्या एकदम, मग ध्यान. डॉक्टर रागावल्या नाहीत. "आणि रात्री काय जेवता?" त्यांनी विचारलं. अप्पा छताकडे बघू लागले. इरम्माच शेवटी म्हणाली, "कायबी खात न्हाईत. पोट बिघडतं म्हणून सोडलंय." मग अप्पांनी मान खाली घालून गुडगुड, मळमळ, परसाकडची धावपळ, दोनदोनदा आंघोळ, सगळं सांगून टाकलं.

"अहो काका, हे मला पहिल्या आठवड्यातच सांगायचं," डॉक्टर म्हणाल्या. "या मोठ्या गोळीनं पुष्कळ जणांचं पोट बिघडतं. त्यात लाजायचं काय? ती जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. कमी ताकदीनं सुरू करून हळूहळू वाढवता येते. सावकाश विरघळणारी गोळी मिळते. तेही सोसलं नाही तर दुसरं औषध आहे. पण तुम्ही सांगितलंच नाही तर मी काय करणार?" मग त्यांनी बारकी गोळी निम्मी केली आणि बजावलं, की ताट समोर आल्याशिवाय ती तोंडात घालायची नाही. जेवण टळणार असेल तर आधी मला विचारायचं.

"आन् पूजा?" अप्पांनी भीत भीत विचारलं.

"पूजा आधी करा की. पण आटोपशीर. मग न्याहारी, आणि गोळ्या तिच्यासोबतच. ध्यानाला पोटभर खाऊन निवांत बसा. आणि घरात साखर ठेवा. खिशातही ठेवा."

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर महेश्वरीनं मला दोन कप्प्यांची केलं. मधे पुठ्ठ्याची पट्टी लावून एका बाजूला गोळ्या ठेवल्या, दुसऱ्या बाजूला खडीसाखर. इतक्या दिवसांनी ओळखीची खडखड ऐकून मला हायसं वाटलं. त्या कुरकुऱ्या पाकिटांवरचा माझा रागही मावळला. त्यांची चूक नव्हतीच.

अप्पा मात्र उदास होते. जीव वाचला याचा आनंद करायचा सोडून ते देवघरात नुसते बसून राहत. गावचे जंगम, म्हणजे आमचे लिंगायतांचे गुरू, वीरभद्र स्वामी भेटायला आले, तेव्हा अप्पांनी मनातलं बोलून दाखवलं. "स्वामी, म्या उजेड बगितला हुता. देव भेटला म्हणून रडलो. आन् ती निघाली गोळी. मग आता काय राह्यलं?"

स्वामींनी विचारलं, "अप्पा, तुमी पूजा कवापासून करताव?"

"पोर हुतो तवापासून."

"तवा कधी उजेड दिसला?"

"न्हाय."

"तरी रोज बसत हुताव. का बसत हुताव?"

"बरं वाटायचं," ते म्हणाले.

"मग तेच राह्यलंय की," स्वामी म्हणाले. "ते कुटं गेलंय?" आणि त्यांनी महेश्वरीकडे चहा मागितला, स्वतःसाठी साखरेचा आणि अप्पांसाठी बिनसाखरेचा.

पुढचा सोमवार आला. अंगण पुन्हा भरलं. सारजाबाईच सांगत सुटल्या होत्या, की अप्पा समाधीतून परत आले, आता तर त्यांच्या पायात जास्तच शक्ती आहे. मला धाकधूक होती. अप्पा गप्प बसले असते तर त्यांना कुणी काही म्हटलं नसतं, पायावर डोकी टेकतच राहिली असती. आणि खरं सांगू? त्यांना ते आवडत होतं, हे मला माहीत होतं.

अप्पांनी पूजा केली. हात स्थिर होता. तीर्थ घेतलं, लिंग गळ्यात घातलं आणि लोकांच्या देखतच म्हणाले, "महेश्वरी, माझं ताट आण." लोक एकमेकांकडे बघू लागले. ताट आल्यावर अप्पांनी मला उघडून बारकी गोळी घेतली, सगळ्यांसमोर भाकरी आणि घेवड्याची भाजी खाल्ली, मग मोठी गोळी घेतली आणि पाणी प्यायले. मग ते उठून उभे राहिले.

"मंडळी, बसा. म्या तुमाला खोट्यात ठिवलं. मुद्दाम न्हाय, मला बी म्हाईत न्हवतं. ती समाधी न्हवती. म्या उपाशी पोटी गोळी घ्यायलो हुतो, अंगातली साखर उतरायली हुती. इरम्मा नसती तर आज माझी तेराव्याची तयारी चालली असती. आन् उपाशी कशापायी हुतो? तर गोळीनं पोट बिघडायचं. परसाकडं पळावं लागायचं. ते डॉक्टरीणबाईला सांगायची लाज वाटली. तुमी पाया पडलाव ते मला ग्वाड लागलं. आता पडू नका."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. गुंडाप्पा "आमी कामधाम सोडून आलो," असं पुटपुटत टाळ पिशवीत घालून निघाला. हळूहळू सतरंजी रिकामी झाली. काहींनी आणलेले नारळ परत नेले. अप्पा उभेच होते. त्यांचा चेहरा उतरलेला पाहून शंभुलिंग त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

सारजाबाई मात्र हलल्या नाहीत. सतरंजीच्या कोपऱ्यावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं, आता या भांडणार. गावभर समाधीचा डंका यांनीच पिटला होता, त्यांचं हसं झालं होतं. अंगण पुरतं मोकळं झाल्यावर त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. त्यांचा आवाज इतका हळू असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"अप्पा, मला बी साखर हाय. मला बी त्याच गोळ्या हायत. एकदा उमरग्याला लग्नाला चालले हुते, एस.टी.त पोटात कळ आली. गाडी थांबवावी लागली. समदे बगत हुते. तवापासून म्या गोळ्या चुलीत टाकते. पोरं इचारतात, व्हय म्हणते." त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "आता डोळ्याम्होरं अंधुक येतंय. म्हणून तुमच्या पाया पडत हुते. वाटलं, तुमच्या पायानं गोळीबिगर बरी हुईन."

अप्पा त्यांच्यासमोर सतरंजीवर येऊन बसले. लोकांना आपल्या पायाशी वाकू देताना त्यांना काय काय वाटलं असेल, पण हे वाटलं नव्हतं.

"सारजा," ते म्हणाले, "उद्याच्या गाडीनं लोहाऱ्याला चल. म्या अन् इरम्मा संगं येतो."

"मला न्हाय जमायचं त्या डॉक्टरम्होरं बोलायला."

"तू बोलू नगं. पोटाचं म्या सांगतो. तू निस्ती बस."

आणि मित्रांनो, त्यांनी खरंच सांगितलं. डॉक्टरांसमोरच्या ज्या खुर्चीत बसून पोटाचं बोलायला ते लाजत होते, तिच्या शेजारी उभं राहून, सारजाबाईंच्या पोटाची सगळी हकिकत त्यांनी स्पष्ट शब्दांत डॉक्टरांना ऐकवली. सारजाबाई जमिनीकडे बघत मान हलवत होत्या. डॉक्टरांनी त्यांचं औषध बदललं आणि डोळे तपासायला धाराशिवला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की आलात ते बरं झालं, नजर वाचवता येईल. परवा सारजाबाई सुईत दोरा ओवत आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. दोरा काही ओवला जात नव्हता, पण त्या महेश्वरीला ओवून देऊ देत नव्हत्या. शेवटी गेला एकदाचा.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी डबी असेल, प्लास्टिकची असेल नाहीतर पत्र्याची. तिला मधूनमधून पुसा, तिला आवडतं. पण तिला एक गोष्ट जमत नाही. गोळी गिळल्यावर माणसाला काय होतं, हे तिला दिसतं आणि सांगता येत नाही. तुम्हाला विचारता येतं. आज जेवायला बसाल तेव्हा आजीला, आजोबांना विचारा, की ही गोळी घेतल्यावर तुम्हाला कसं वाटतं? ते आधी म्हणतील, "बरं हाय की." तिथं उठू नका. भाजी वाढून घ्या, शेजारीच बसा आणि परत एकदा विचारा.